दोन किल्ल्यांचा कॉम्प्युटर

रोखपालांनी आयुष्यात कुणाची एक दमडी खाल्ली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला विसरूही दिली नव्हती. बँकेच्या काउंटरमागची खुर्ची सोडून बराच काळ लोटला होता, तरी इमारतीत सगळे त्यांना रोखपालच म्हणत. भाजीवाल्यानं चुकून जास्त सुटे परत दिले तर ते अर्ध्या रस्त्यातून माघारी जात. मात्र परत देताना दुकानापुढे दोन-चार गिऱ्हाइकं उभी असतील अशी वेळ साधत.

अशा माणसाला त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं, त्याच्याच घरात बसून, त्याच्याच कपातला चहा फुंकत विचारलं, “गादीची पावती कुठंय?”

गादी आईची होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी आणायला लावली होती. छोट्या मोटारीवर चालणारी, रात्रंदिवस मांजरासारखी घुरघुरणारी. आईच्या खर्चासाठी दोघे भाऊ दर महिन्याला पैसे काढत आणि हिशेब अर्थातच रोखपाल ठेवत. आता पावती नव्हती असं नाही. फाइलमध्ये जिथे असायला हवी, तिथेच ती होती. फक्त तिच्यावरची शाई उडून गेली होती. दुकानातल्या यंत्रातून निघालेल्या त्या कागदानं थोडे दिवस पावतीपण निभावलं आणि मग संन्यास घेतला. रोखपालांनी भावापुढे एक पांढरीशुभ्र पट्टी ठेवली आणि म्हणाले, “ही.”

दादा निवृत्त शाळा-तपासनीस. मुख्याध्यापकाला घाम फोडण्यात उभी नोकरी गेलेली. त्यांनी पट्टी उलटी केली, सुलटी केली आणि वहिनींकडे दिली. वहिनींनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

“भाऊजी, यावर तर काहीच नाही.”

“होतं,” रोखपाल म्हणाले.

पकडल्या गेलेल्या प्रत्येक अफरातफरवाल्यानं हेच उत्तर दिलेलं असतं, हे शब्द तोंडातून निसटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

“पुढच्या रविवारी येतो,” दादा उठता उठता म्हणाले. “सगळा हिशेब एकदा समोर ठेव. आणि तुला झेपत नसेल तर तसं सांग. आईला आम्ही घेऊन जातो.”

“मागची खोली रिकामी करूनच ठेवलीय,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे भाऊजींच्या डोक्याला उगाच ताप नको.”

झेपत नसेल! त्या रात्री रोखपालांना जेवण गेलं नाही. आई पहिल्यापासून त्यांच्याकडे. तिचं खोकणं, आतून हाका मारणं, चहात साखर कमी पडली म्हणून सगळ्या घराण्याचा उद्धार करणं, याशिवाय घर कसं असतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि आई इथून गेली तर लोक काय म्हणणार? आई थोरल्याकडे राहायला गेली, असं थोडंच म्हणणार? हिशेबात गफलत निघाली म्हणून काढून घेतली, असंच म्हणणार.

“पावती उडाली तर उडाली,” बायको म्हणाली. ती आईच्या खोलीतून चादर बदलून बाहेर येत होती. ती नेहमी आईच्या खोलीतून काहीतरी करून बाहेर येत असे. “कॉम्प्युटरमध्ये सगळं लिहिलंय ना तुम्ही? तो दाखवा.”

रोखपालांचा चेहरा एकदम उजळला. कॉम्प्युटर! त्यांच्या कॉम्प्युटरात घरखर्चाचं एक सॉफ्टवेअर होतं आणि त्यात आईच्या औषधाच्या गोळीगोळीची नोंद होती. इतकी, की मागे त्यांनी कागदावरच्या सगळ्या जुन्या वह्या रद्दीत घालून रद्दीचे पैसेसुद्धा आईच्या खात्यात जमा दाखवले होते.

सोमवारी सकाळी आंघोळ उरकून, जणू काउंटर उघडायचा आहे अशा थाटात ते कॉम्प्युटरसमोर बसले. सॉफ्टवेअरवर टिचकी मारली. पडद्यावर एक चौकोन आला.

‘नवी आवृत्ती पूर्ण बसवण्याची आपल्याला परवानगी नाही. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.’

त्यांनी चौकोन बंद केला. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा चौकोन. सॉफ्टवेअरनं परस्पर स्वतःची नवी आवृत्ती मागवली होती, ती निम्मीअधिक बसवली होती, आणि आता उंबऱ्यात पाय अडकलेल्या पाहुण्यासारखं ते ना आत ना बाहेर असं उभं होतं. आत यायचं तर प्रशासकाची परवानगी हवी. आणि इथेच खरी मेख होती.

हा कॉम्प्युटर मूळचा दादांचा. आईच्या हिशेबाला म्हणून त्यांनी तो दिला, त्या दिवशी रोखपालांनी त्याला बँकेचा नियम लावला होता. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, एक मॅनेजरकडे. दोघं मिळून आले तरच ती उघडते. एकट्याला मोह होऊ नये म्हणून ही सोय. दोघांना मिळून मोह झाला तर काय, हे बँकेनं कधी स्पष्ट केलेलं नाही. तर त्याच धर्तीवर रोखपालांनी कॉम्प्युटरात दोन खाती उघडली. एक रोजच्या वापराचं, त्यांचं स्वतःचं, मर्यादित अधिकारांचं. त्यात लिहावं, वाचावं, पण यंत्राच्या पोटात हात घालू नये. दुसरं प्रशासकाचं, त्यात सगळे अधिकार. आणि प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड निम्मा त्यांनी ठेवला, निम्मा दादांनी. एकमेकांना दाखवायचा नाही, सांगायचा नाही, कुठे लिहून ठेवायचा नाही. तेव्हा दादांनी पाठ थोपटली होती. “याला म्हणतात कारभार,” असं म्हणाले होते.

आता त्या कारभाराचा निम्मा मालक रविवारी हिशेब तपासायला येणार होता, आणि त्याच्या परवानगीशिवाय हिशेब उघडत नव्हता. आपल्या हातानं बांधलेल्या दाव्याला आपणच अडकलो, हे रोखपालांच्या लक्षात आलं.

“दादांना फोन करून त्यांचा निम्मा विचारून घ्या,” बायको म्हणाली.

“तिजोरीची किल्ली कुणी फोनवरून मागतं का?”

“मग रविवारी येतील तेव्हा घ्या.”

“आणि काय सांगू? ज्याच्यावर तुला संशय आहे तो हिशेब आत्ता उघडत नाहीये, तेवढा तुझा पासवर्ड घाल? आधी कोरी पावती, आता बंद कॉम्प्युटर! दादाच्या जागी मी असतो तर मीसुद्धा मला पकडलं असतं.”

मग आठवडाभर जे घडलं त्याला प्रयत्न म्हणावं की वणवण, हे ज्याचं त्यानं ठरवावं. संकट गुप्त ठेवायचं असं रोखपालांनी ठरवलं होतं, पण इमारतीच्या जिन्यात उभं राहून गुप्तता पाळता येत नाही. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक चप्पल घालूनच आत आले.

“बंद करून सुरू करून पाहिलंत?”

“पाहिलं.”

“पूर्ण बंद? भिंतीतला प्लग काढून?”

“काढून.”

“मग जरा जास्त वेळ बंद ठेवा,” प्राध्यापक म्हणाले आणि जुन्या अनुभवाच्या जोरावर पुढे म्हणाले, “आमच्याकडे एकदा असंच झालं होतं. आपोआप बरं झालं. कशानं ते कळलं नाही, पण झालं.”

समोरच्या बाईंनी दारातूनच सांगितलं, की त्यांच्या भाच्याच्या ऑफिसात एकाचे सगळे पैसे कॉम्प्युटरमधून असेच गेले. पैसे कॉम्प्युटरमध्ये नसतात, फक्त हिशेब असतो, हे रोखपालांनी समजावून सांगितलं. “हो ना, त्याचाही आधी हिशेबच गेला होता,” असं म्हणून बाईंनी दार लावून घेतलं. त्यानंतर रोखपाल अर्धा तास बँकेचं पासबुक हातात घेऊन बसले होते.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावर होतं. दुकानदारानं खोक्याला हात लावायच्या आधीच निदान केलं.

“फॉरमॅट मारावा लागेल.”

“म्हणजे?”

“सगळं पुसून नव्यानं टाकायचं. एकदम चकाचक.”

“आणि माझा हिशेब?”

“तोसुद्धा चकाचक.”

रोखपालांनी खोका छातीशी धरून घरी आणला. जिन्यात प्राध्यापक भेटले. “काय, विकायला काढला?” म्हणाले.

गुरुवारी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत-केंद्राला फोन लागला. आधी बराच वेळ बासरी वाजली. मग एका मुलीचा गोड, न थकणारा आवाज आला. रोखपालांनी नोकरीत रुजू झालेल्या दिवसापासून सुरुवात केली. मुलीनं त्यांना हळूच आजच्या दिवसावर आणून सोडलं.

“सर, तुमच्या खात्याला अधिकार मर्यादित आहेत. तुमच्या प्रशासकाला सांगा.”

“प्रशासक मीच आहे.”

“मग स्वतःला परवानगी द्या ना, सर.”

“देता येत नाही. मी पूर्ण प्रशासक नाही. निम्मा आहे.”

पलीकडे कुणीतरी खुदकन हसल्यासारखं वाटलं.

“उरलेला निम्मा कोण आहे, सर?”

“माझा भाऊ.”

“मग त्यांना बोलवा ना.”

“तुम्ही आमच्या दादाला ओळखत नाही,” रोखपाल म्हणाले. हे त्यांनी इतक्या काकुळतीनं सांगितलं, की मुलीनं आपणहून पुढचं सगळं सांगितलं: प्रशासकाच्या खात्यात शिरलात की आवृत्ती पूर्ण करा, मग तुमच्या हिशेबाच्या फोल्डरवर तुमच्या नावाला ‘पूर्ण नियंत्रण’ या चौकटीत खूण करा, म्हणजे पुन्हा कधी कुणाला विचारायला नको. रोखपालांनी सगळं लिहून घेतलं. आजाराचं औषध कळलं. फक्त औषधाचं दुकान दादांचं निघालं.

शुक्रवारी त्यांनी दादांच्या निम्म्या पासवर्डाचा अंदाज बांधायचा प्रयत्न केला. स्वतःचा निम्मा शेवटी घालायचा म्हणून राखून ठेवला आणि आधी दादांच्या जागी बसून विचार करू लागले. मग एकदम दचकून हात मागे घेतला. दुसऱ्या अधिकाऱ्याची किल्ली घडवणं! यासाठी माणसं बडतर्फ झालेली त्यांनी पाहिली होती. शनिवारी त्यांनी काहीच केलं नाही. आतल्या खोलीच्या दारात उभं राहून गोळी घेतली का, असं आईला उगीचच तीन-चारदा विचारलं.

“घेतली म्हटलं ना!” आई खेकसली. “आता काय पोटात उतरून बघतोस?”

रविवारी दादा आणि वहिनी आले ते मोठी गाडी भाड्यानं घेऊन. मागची सीट आडवी होणारी. रोखपालांनी ती गॅलरीतून पाहिली. हिशेब बघायचा आधी आणि निकाल नंतर, एवढी तरी रीत दादा पाळतील असं त्यांना वाटलं होतं.

“दाखव,” दादा खुर्चीत बसून म्हणाले.

रोखपालांनी सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांची नजर पायपुसण्यावर होती. दादांनी ऐकून घेतलं, वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी छताकडे पाहिलं.

“म्हणजे हिशेब आहे, पण दिसत नाही,” दादा म्हणाले. “पावतीसारखाच.”

“तुझा निम्मा घाल, दादा. आत्ता दिसेल.”

“जाऊबाई,” रोखपालांची बायको मधेच म्हणाली, “यांचं चालू दे. तुम्ही आईंजवळ जरा बसता? रविवारी कामाची बाई येत नाही. मी चहा टाकते.”

वहिनी पदर सावरत आत गेल्या. चहा झाला, पिऊन झाला, कप विसळून झाले. पण रोखपालांची बायको काही आत गेली नाही. तिनं कॉम्प्युटरजवळची वेताची खुर्ची ओढली, स्टुलावर पाय ठेवले आणि ‘हूं’ असा एक आवाज काढला. त्या घरात तो आवाज फार दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

इकडे तिजोरी उघडायचा विधी सुरू झाला. पहिला मान थोरल्याचा, म्हणून दादा आधी बसले. रोखपालांनी भिंतीकडे तोंड केलं. बायकोनं डोळे मिटले, पण ते विश्रांतीसाठी. दादा एका बोटानं अक्षरं शोधत होते आणि सापडलेलं प्रत्येक अक्षर पुटपुटत होते. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं आणि कुणी ऐकल्याचं दाखवत नव्हतं. दादांनी पासवर्ड म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं आणि त्यापुढे ‘साहेब’ लावलं होतं.

“काय पुटपुटतोयस रे?” आतून आई ओरडली. “मोठ्यानं बोल! इथं ऐकू येत नाही!”

दादांचे कान लाल झाले. ते उठले, भिंतीकडे वळले. रोखपाल बसले, आपला निम्मा घातला, बटण दाबलं.

‘पासवर्ड चुकीचा आहे.’

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरेत बालपणापासूनची सगळी भांडणं होती.

“तू विसरलास,” दादा म्हणाले.

“मी? मी आजवर तिजोरीची किल्ली विसरलो नाही. तूच काहीतरी चुकीचं दाबलंस.”

“मी तपासनीस होतो!”

“म्हणूनच म्हणतो. तपासायची सवय, लिहायची नाही.”

पुन्हा प्रयत्न झाला. पुन्हा चुकला. पुन्हा. मग यंत्रानं सांगितलं, की फार वेळा चुकलात, आता थोडा वेळ थांबा. शिक्षा झालेल्या पोरांसारखे दोघे भाऊ सोफ्याच्या दोन टोकांना बसून राहिले. आतून वहिनींचा आवाज येत होता, “आई, अशी धरू? की अशी?” आणि आईचा, “अगं, मला वळवतेयस की पोतं ढकलतेयस?”

रोखपालांना गॅलरीच्या कठड्यातून खालची गाडी दिसत होती. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून सीट आडवी केली होती आणि वर फडकं मारत होता. आता आईला उचलतील. तिची काठी, तिचा चष्मा, ती घुरघुरणारी गादी. आणि बिल्डिंगचे सगळे जिन्यात उभे राहून बघतील.

“ज्या दिवशी पासवर्ड ठेवला,” बायको डोळे न उघडता म्हणाली, “त्या दिवशी आधी कोण बसलं होतं?”

“दादाच बसणार. थोरला कोण?”

“दादा आंघोळीला गेले होते. तुम्हाला दम निघत नव्हता. तुम्ही तुमचं आधी घालून मोकळे झालात.”

थोरलेपणाचा मान राखत राखत आज पासवर्डाचं शेपूट आधी घातलं गेलं होतं आणि तोंड नंतर. आणि दोघांनी मिळून ही चूक इतक्या शिस्तीनं केली होती, की एकालाही तिचा संशय आला नव्हता.

थांबायची मुदत संपल्यावर रोखपाल आधी बसले. मग दादा, या वेळी ओठ घट्ट मिटून. खातं उघडलं! नवी आवृत्ती सरसर बसली. रोखपालांनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर टिचकी मारली.

‘स्वागत आहे! आपलं पहिलं खातं उघडा.’ खाली ठळक अक्षरांत: ‘एकूण शिल्लक शून्य. एकूण नोंदी शून्य.’

दादांनी सावकाश चष्मा काढला. तपासनीस चष्मा काढतो तेव्हा शाळेचं काही खरं नसतं.

“हाच का तो हिशेब?”

रोखपालांच्या तोंडचं पाणी पळालं. आईच्या गोळ्या, डॉक्टरांच्या फेऱ्या, कामाच्या बाईचा पगार, रद्दी, गादी, सगळं कोरं. पावतीची साथ कॉम्प्युटरला लागली होती. त्यांना वाटलं, आपणही आता हळूहळू असेच पांढरे पडत जाणार. मग मदत-केंद्रातल्या मुलीचं ‘तुमच्या हिशेबाचा फोल्डर’ हे बोलणं आठवलं आणि बुडत्याला काडी सापडावी तसे ते ओरडले.

“हे प्रशासकाचं कपाट आहे, दादा! हे रिकामंच असणार! माझं कपाट शेजारी आहे!”

शोधाशोध झाली. शेजारच्या कपाटात, त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये हिशेबाची फाइल सुखरूप होती. रोखपालांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आपल्या रोजच्या खात्यात परत जाऊन ती उघडायला गेले, तर पुन्हा तोच चौकोन: ‘आपल्याला परवानगी नाही.’ मग पुन्हा प्रशासक, पुन्हा निम्मा-निम्मा, पुन्हा भिंतीकडे तोंड. शेवटी मुलीनं सांगितलेली ती खिडकी एकदाची उघडली. त्यात रोखपालांचं नाव होतं आणि नावापुढे रिकाम्या चौकटी: वाचणे, लिहिणे, पूर्ण नियंत्रण.

माउस दादांच्या हातात होता. बाण ‘पूर्ण नियंत्रण’ या चौकटीवर येऊन थबकला.

“सगळं तुलाच?”

“दादा, तसं नाही केलं तर उघडतच नाही.”

“पण मग दुसरी किल्ली कशाला ठेवली होती? उद्या कुणी विचारलं, तर मी काय—”

“अहो!” आतून वहिनींची हाक आली. त्या हाकेत रडू आणि राग समसमान होते. “जरा इकडे या! मला एकटीला नाही उचलवत! आणि येताना कोरडी चादर आणा!”

दादा गेले. बराच वेळ आत गडबड चालू होती. गादीची मोटार, आईचं “हळू रे, मेल्या, हळू!”, काहीतरी पडल्याचा आवाज, “उशी पलीकडे, हो, पलीकडे!” रोखपाल उठायला लागले, तर बायको म्हणाली, “बसा. आई त्यांचीही आहे.”

दादा बाहेर आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या होत्या आणि शर्ट पाठीला चिकटला होता. ते खुर्चीत बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी माउस धरला, चौकटीत खूण केली आणि म्हणाले, “घे. सगळं तुझं.”

रोखपालांनी आपल्या खात्यातून सॉफ्टवेअर उघडलं. रांगेनं सगळं आलं. तारीखवार, खातेवार, दोन्ही बाजू जुळलेल्या.

“आलं!” ते ओरडले. “दादा, वहिनी, या! हे बघा! गादीसुद्धा आहे!”

वहिनी आतून आल्या. अंबाडा सुटलेला, पदर ओला. त्या सरळ दारापाशी गेल्या आणि चपला शोधू लागल्या.

“आज राहू द्या भाऊजी. पुढच्या वेळी बघू निवांत.”

“अहो पण आईला न्यायचं—” रोखपाल म्हणाले.

“छे, छे! आई इथंच बऱ्या आहेत. त्यांना इथली सवय आहे.”

“मागची खोली रिकामी केली होती ना?” खुर्चीतून बायकोनं अगदी निष्पापपणे विचारलं.

“तिला ओल आलीय,” वहिनी म्हणाल्या.

“आजच?”

वहिनींनी चपलेचा पट्टा लावला. दादा म्हणाले, खाली गाडीचं भाडं वाढतंय.

“निदान गादीपुरतं तरी बघून जा!” रोखपाल कळवळून म्हणाले. ज्यासाठी आठवडाभर रक्त आटवलं, तो हिशेब पडद्यावर उभा होता आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. अफरातफरीचा आळ परवडला. हे दुर्लक्ष परवडत नव्हतं.

“गादी दिसली हो, भाऊजी,” वहिनी जिन्यातून म्हणाल्या. “दुपारभर तिच्या कडेलाच होते.”

गाडी रिकामी गेली. आई राहिली. रोखपालांना हायसं वाटायला हवं होतं; पण हिशेब मंजूर न होताच दप्तर बंद झाल्यासारखी त्यांना चुटपुट लागली. शेवटी त्यांनी ठरवलं, की ज्याच्या नावचा खर्च, त्यालाच वाचून दाखवावा. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून खड्या आवाजात सुरुवात केली.

“आई, ऐक! कामाच्या बाईचा पगार!”

“बरं.”

“औषधं!”

“बरं.”

“बिस्किटं, पाहुण्यांसाठी!”

“कुठले पाहुणे?”

“तुला भेटायला येतात ते!”

“मला?” आतून आवाज चढला. “इकडे ये.”

रोखपाल दारात जाऊन उभे राहिले. आई नव्या चादरीवर जरा वाकडी झोपली होती. उशी उलटी लावलेली होती.

“मला भेटायला कोण येतं रे? सगळे बाहेर बसतात, तुझ्याशी गप्पा मारतात, बिस्किटं खातात आणि जाता जाता दारातून हात हलवतात. तूसुद्धा दारातनंच विचारतोस, गोळी घेतली का. ती बिस्किटं तुझ्या खात्यावर लिही.”

रोखपालांचा पाय उंबऱ्याच्या बाहेरच होता, हे त्यांनी पाहिलं आणि तो आत घेतला.

“ती मोठी आज दुपारभर बसली,” आई म्हणाली. “हाताला वळण नाही, मेलीनं माझी मान अवघडवली. पण बसली. तिचे गुडघे, तिची शेजारीण, तिच्या माहेरचं भांडण, सगळं सांगितलं. शेजारणीचं निम्मंच राहिलं. परत कधी येणारे ती?”

“आता कशाला येतील, आई? दादानं मला सगळे अधिकार दिले. मशीन आता माझं मी चालवीन. अडणारच नाही.”

“मग बिघडव की.”

“आई!”

“काय आई? एवढी वर्षं बँकेत होतास, एक यंत्र बिघडवता येत नाही?”

रोखपाल बाहेर आले. प्रशासकाच्या खात्यातून बाहेर न पडताच दादा निघून गेले होते. ते खातं मागे तसंच उघडं होतं. एक अधिकारी तिजोरी उघडी टाकून गेला आणि दुसरा आत एकटा, असा प्रसंग त्यांच्या नोकरीत कधी आला नव्हता. ते खुर्चीत बसले. ती खिडकी उघडली. आपल्या नावापुढची, दादांनी उभ्या उभ्या केलेली खूण काढून टाकली. यंत्रानं विचारलं, ‘आपली खात्री आहे का?’ खात्री मुळीच नव्हती. त्यांनी ‘हो’ दाबलं आणि फोन उचलला.

“दादा,” ते म्हणाले, “परत अडलंय. हो, तोच चौकोन. नाही नाही, आज नको, परत फिरू नकोस. तुझा निम्मा लागेल. पुढच्या महिन्यात आलास तरी चालेल. वहिनींना घेऊन ये.”

वेताच्या खुर्चीतून, स्टुलावरचे पाय न हलवता, बायको म्हणाली, “महिन्यानं नको. पंधरवड्यानं म्हणा.”